डॉक्टरचा प्लॉट

गोष्ट लिहिणं अगदी सोपं असतं! हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण गेली चौदा वर्षं मी रोज लिहितोय आणि आजवर एकाही वाचकाची तक्रार आलेली नाही. मिक्सर, पंखे आणि कपडे धुण्याची यंत्रं यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते ना, ती मी लिहितो. 'झाकण घट्ट बसवा. मगच बटण दाबा.' बघा, या दोन वाक्यांत सगळं आलं! आधी काय, नंतर काय, आणि उलट केलं तर स्वयंपाकघराच्या छताचं काय होईल! यालाच प्लॉट म्हणतात. माणसांचं एवढं काय? माझ्या पुस्तिकेत एकच माणूस असतो, 'वापरकर्ता'. त्याला नाव नाही, घर नाही, आई नाही, तरी त्याचं आजवर काही अडलेलं नाही.

म्हणून कंपनीच्या वार्षिक अंकासाठी कथा मागवल्या, तेव्हा मी सगळ्यांत आधी हात वर केला. तीन दिवसांत सहा पानं हातावेगळी केली आणि बायकोला वाचायला दिली. बायको बालवाडीत शिकवते. रोज तीस पोरांना गोष्ट सांगते, त्यामुळे या विषयात आपला अधिकार मोठा आहे असं तिला वाटतं.

"यात माणसं कुठे आहेत?" तिने विचारलं.

"डॉक्टर आहे, त्याची आई आहे, एक मुलगी आहे!"

"ती नुसती नावं झाली. अरे, मी वर्गात अस्वलाची गोष्ट सांगितली तरी पोरं विचारतात, अस्वलाला भूक लागली होती का? तुझ्या डॉक्टरला कधी भूक लागते?"

"सहा पानांत इतक्या भानगडी आहेत, तो जेवणार कधी!"

"निदान एखादा पाहिलेला माणूस तरी घे ना."

आता पाहिलेला डॉक्टर मला एकच माहीत होता. माझ्या मेहुणीचा. म्हणजे अजून तिचा झालेला नव्हता, पण व्हावा अशी तिची फार इच्छा होती. तो जनावरांचा डॉक्टर. मी त्याचा जाड चष्मा घेतला, खटारा स्कूटर घेतली, माझ्या डॉक्टरला जनावरांचा डॉक्टर करून टाकला, आणि वार्षिक अंकाचं काम बघणाऱ्या प्रूफवाल्या बाईंकडे कथा पाठवली. माणूस तयार! दहा मिनिटांचं काम!

इथे माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते निवृत्त भूमापक आहेत. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. मोजपट्टीची टेप अजून खिशात असते. मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला गेलो, तेव्हा माझ्या चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते. धाकट्या मुलीसाठी डॉक्टरला नुसतं भेटायला राजी व्हायला त्यांनी दोन वर्षं घेतली. ती भेट रविवारी पाच वाजता आमच्या घरी ठरली. आणि एकदा ते 'नाही' म्हणाले की विषय कायमचा संपतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मेहुणीने त्या दिवशी सकाळपासून एकच ड्रेस तीनदा इस्त्री केला.

"भावोजी," ती मला म्हणाली, "आज तुम्ही फक्त गप्प बसा. प्लीज!"

"माझ्याकडून एक शब्द बाहेर पडणार नाही!" मी म्हणालो.

तीन वाजता प्रूफवाल्या बाईंचा फोन आला. मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. खिडकी मात्र उघडी राहिली.

"कथा वाचली," बाई म्हणाल्या. "प्लॉट आहे. पण डॉक्टरला कॅरेक्टरच नाही."

"डॉक्टरला कॅरेक्टर नाही, एकदम मान्य!" मी म्हणालो. "पण प्लॉट बघा ना! असा प्लॉट असल्यावर कॅरेक्टर कोण विचारतंय?"

"त्याची पहिली बायको मध्येच गायब होते."

"पहिल्या बायकोचं मी बघतो. तिचा कुणाला पत्ताच लागू द्यायचा नाही!"

"आई तर उगाचच आहे. तिला काही कामच नाही."

"मग आईला जिन्यावरून ढकलू! हाय काय नि नाय काय!"

"आणि शेवटी कळतं की तो डॉक्टरच नव्हता. हे काही पटत नाही."

"अहो, तीच तर गंमत! तो डॉक्टर नाही, हे कुणाला कळतच नाही. मुलीला तर नाहीच नाही!"

बाई म्हणाल्या, बघू, सोमवारी बोलू. मी खूश होऊन फोन ठेवला. खिडकीबाहेरच्या व्हरांड्यात सासरे खुर्ची टाकून बसले होते, हे मला कुठे माहीत! आणि बाईंचा आवाज काही बाहेर जात नव्हता. बाहेर गेला तो फक्त माझा.

दहा मिनिटांनी सासरे माझ्यासमोर येऊन बसले.

"जावईबापू, डॉक्टरांचा प्लॉट आहे म्हणे."

मला भरून आलं! अकरा वर्षांत त्यांनी माझ्या लिखाणाची पहिल्यांदा चौकशी केली होती. बायकोनेच कथेबद्दल सांगितलं असणार.

"आहे ना बाबा! जबरदस्त आहे!"

"आकार कसा काय?"

"सुरुवातीला सरळ जातो. मग मध्ये दोन फाटे फुटतात आणि शेवटाला एकदम वळण!"

"म्हणजे वेडावाकडा," सासरे म्हणाले. "हद्दी?"

"हद्दी कसल्या! मी सगळ्या हद्दी ओलांडल्यात!"

"तुम्ही?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "आहे कुणाच्या नावावर?"

"माझ्याच की!"

"डॉक्टरांचा प्लॉट तुमच्या नावावर?"

"मग! डॉक्टर काय, माझ्या हातातलं बाहुलं. मी नाचवीन तसा नाचेल." आणि मग, इतक्या वर्षांनी माणूस एवढ्या आपुलकीने विचारतोय म्हटल्यावर, मी आवाज खाली आणला. "आता तुमच्यापासून काय लपवायचं, बाबा. थोडा ढापलेला आहे. इकडून थोडा, तिकडून थोडा. सगळेच करतात!"

सासऱ्यांनी खिशातून टेप काढली, हातभर ओढली आणि सोडून दिली. ती सर्रकन आत गेली. त्यांचा पारा चढला की ते असं करतात, हे मला पुढे बायकोने सांगितलं.

"आणि मुलगी?" त्यांनी विचारलं.

"मुलगी काय, नावापुरती! तो तिला सोडून मागच्या दाराने पळतो."

"हे तुम्हाला चालतं?"

"चालतं म्हणजे काय! लोकांना धक्का बसायला नको?"

"बसला," सासरे म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले. मी बायकोला जाऊन सांगितलं, "बाबांना माझा प्लॉट फार आवडला!" ती म्हणाली, "असं? मग ते मागच्या दाराला कडी लावून त्याच्यापुढे स्टूल का ठेवतायत?"

पाचला बेल वाजली. दारात डॉक्टर, चष्मा, आणि डॉक्टरची आई. आईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये!

"अगंबाई! हे काय झालं, काकू?" बायकोने विचारलं.

"काही नाही गं, जिन्यावरून पडले."

सासऱ्यांचा हात खिशातल्या टेपकडे गेला.

"पडलात?" ते म्हणाले. "तेव्हा मागे कोण होतं?"

"मागे? हाच होता की!" आईंनी कौतुकाने मुलाकडे बघितलं. "यानेच तर धरलं मला."

"आधी की नंतर?"

आईंना प्रश्न कळला नाही. मलाही कळला नाही. मेहुणी घाईघाईने बिस्किटांची बशी फिरवायला लागली. सासऱ्यांनी बिस्किट घेतलं नाही. ते डॉक्टरकडे वळले.

"पहिली बायको कुठे असते?"

"पहिली?" डॉक्टरने बावचळून मेहुणीकडे बोट केलं. "म्हणजे... तुम्ही हो म्हणालात, तर हीच पहिली असेल."

"पदवीचा कागद आणलाय?"

"काका, तो दवाखान्यात भिंतीवर लावलाय. काढून आणू का?"

"बाबा!" मेहुणी ओरडली. "काय चाललंय हे?"

"थांब तू! या माणसाने तुझ्या डोळ्यांत धूळ फेकलीय. ढापलेला प्लॉट, तोही वेडावाकडा, आणि तो करून ठेवलाय आपल्या जावईबापूंच्या नावावर! जावईबापूंनी स्वतः कबूल केलंय!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! आणि तोंडातलं बिस्किट काही केल्या खाली उतरेना.

मेहुणी माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती हळू आवाजात म्हणाली, "दोन वर्षं, भावोजी. दोन वर्षं मी बाबांची समजूत घालत होते." तिचे डोळे भरले होते. मला इतकी लाज वाटली की बिस्किट आपसूक गिळलं गेलं.

"बाबा, ती गोष्ट आहे!" मी म्हणालो.

"कुणाची?"

"कुणाचीच नाही! मी लिहिलीय! प्लॉट म्हणजे कथानक! कॅरेक्टर म्हणजे पात्र!"

"कागद दाखवा," सासरे म्हणाले. कागदाशिवाय त्यांनी आयुष्यात कशावरच विश्वास ठेवलेला नाही.

आणि मग मला ती कथा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावी लागली! ज्याचा चष्मा आणि स्कूटर मी उचलली, तो माणूस समोर गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत बसला होता. पहिली बायको गायब झाली. 'तो मुळात डॉक्टर नव्हताच!' या वाक्याला मी मुद्दाम थांबलो, वर बघितलं. डॉक्टरची आई चमच्याच्या दांड्याने प्लास्टरच्या आत खाजवत होती. सासरे मात्र एकेक ओळ तपासत होते, आणि त्यांच्या कपाळावरची एकेक आठी कमी होत होती. मी घाईघाईने शेवट वाचला. "टेबलावरच्या जखमी कुत्रीला टाके घालता घालता त्याने सुई फेकली आणि मागच्या दाराने तो पसार झाला!"

डॉक्टरने वर्गात करतात तसं बोट वर केलं.

"एक विचारू? किती टाके झाले होते?"

"अं?"

"कुत्रीला. तो पळाला तेव्हा."

"ते... लिहिलेलं नाही. अर्धे झाले असतील."

"मग ती टेबलावर तशीच?"

"अहो, मुद्दा तो नाहीये! मुद्दा असा की तो डॉक्टरच नाही..."

"नसू दे!" डॉक्टर एकदम उभाच राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "चष्मा माझा, चालेल. स्कूटर माझी, चालेल. पहिली बायको गायब करतो, हिला सोडून पळतो, ठीक आहे, गोष्ट आहे. पण अर्धे टाके टाकून नाही हो पळणार मी! भूल उतरली की ती टेबलावरून उडी मारणार! टाके पुरे करायचे, तिला खाली नीट ठेवायचं, कुणाला तरी सांगायचं तिच्याजवळ बस म्हणून, आणि मग काय पळायचं ते पळायचं!"

सासरे त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"वीस मिनिटं."

"मागे पोलीस लागले असले तरी?"

"असू देत की. त्यांच्यातल्याच एकाला तिचं डोकं धरायला सांगेन."

सासरे उठले आणि आत गेले. स्टूल सरकवल्याचा आवाज आला, मग कडी काढल्याचा. बाहेर येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने डॉक्टरपुढे बिस्किटांची बशी धरली.

"घ्या. आणि बसा हो, उभे काय राहिलात! तारीख कधीची धरायची, ते आईंना विचारून सांगा."

मेहुणीला रडू फुटलं. डॉक्टरच्या आईंनी तिला डाव्या हाताने जवळ घेतलं. प्लास्टर मध्ये येत होतं, तरी घेतलं. मलाही गहिवरून आलं, आणि गहिवरलेल्या माणसाने बोलू नये, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

"म्हणजे शेवटी माझ्या गोष्टीमुळेच जमलं म्हणायचं!"

"तुझ्या गोष्टीत जे नव्हतं, त्यामुळे जमलं," बायको म्हणाली.

निघताना डॉक्टर हेल्मेट हातात घेऊन दारात घुटमळला. मला वाटलं, आता हा चष्म्याचा जाब विचारणार!

"साडूभाऊ," तो म्हणाला, "तिला तशीच नाही ना ठेवणार?"

सगळं घर माझ्याकडे असं बघत होतं, जसा काही सुई टाकून मीच पळालो होतो. मी शब्द दिला.

तेव्हापासून लिहितोय. पहिली बायको काढली, आई काढली, वळणसुद्धा काढलं. अकरा पानं झालीयत. प्रूफवाल्या बाई म्हणतात, यात काहीच घडत नाही! मी म्हटलं, घडतं की, गुरुवारी तिचे टाके काढायचे आहेत. डॉक्टर दर दोन दिवसांनी फोन करतो. मेहुणीची तक्रार आहे की तिच्या आधी मला करतो. काल मी त्याला अभिमानाने सांगितलं, भुलीतून नीट उठलीय, वाटीभर दूध प्यायली.

"दूध?" तो किंचाळला. "अहो, एवढ्यात दूध नसतं द्यायचं! थोडं थोडं पाणी द्या!"

मी ते वाक्य ताबडतोब खोडलं. तरी जेवताना दोनदा उठलो, टेबलाशी गेलो आणि तिला उलटीबिलटी तर झाली नाही ना, म्हणून पान उघडून बघितलं. झोपली होती. तेव्हा कुठे मला घास गेला.