सरांचं हिरवं फोल्डर

बिराजदार सर घराबाहेर पडताना दाराला कुलूप नंतर लावायचे. आधी कीबोर्डवर अंगाला लावायची पावडर भुरभुरायचे. परत आले की चष्मा कपाळावर चढवून, वाकून बघायचे, कुणाची बोटं उमटलीत का. घरात माणसं दोनच, सर आणि काकू. काकूंना तर कॉम्प्युटर कुठून चालू करतात तेही ठाऊक नव्हतं. पण सरांचं म्हणणं एकच: "विश्वास पानिपतात गेला, सलीम."

त्या पावडरीनं कीबोर्ड वर्षातून तीनदा तुंबायचा आणि साफ करायला मी. लातुरात त्यांच्या गल्लीच्या तोंडालाच माझं दुरुस्तीचं दुकान. तेव्हा गावात घराघरावर क्लासची पाटी चढत होती. लोह्याची, जळकोटची पोरं खोल्या करून राहायची आणि मास्तर लोक आपापल्या नोट्स दागिन्यासारख्या जपायचे. सरही गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरात प्रश्नपत्रिका असणार आणि त्यावर अर्धं गाव टपलेलं असणार, हे मीही धरूनच चाललो होतो.

एकदा सर दुकानात आले. मागं बघितलं, शटरकडं बघितलं आणि हळूच म्हणाले की एका फोल्डरला असं कुलूप पाहिजे, जे तुलाबी उघडता आलं न्हाई पाहिजे. आता घ्या! कुलूप लावणार मीच, आणि चोरही मीच.

गेलो. फोल्डरवर उजवं बटण दाबलं, प्रॉपर्टीज, मग ॲडव्हान्स्ड, तिथल्या एका चौकोनात बरोबरची खूण. फायलींची नावं हिरवी झाली. म्हटलं, झालं सर, आतल्या मजकुराची आता खिचडी झाली, दुसऱ्या कुणाला दाणा दिसायचा नाही.

सरांनी फाइल दाबली. फटकन उघडली.

"फशिवलं तू मला," सर म्हणाले. "हे कसलं कुलूप? कोन हाय म्हणून विचारलंबी न्हाई."

समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. विंडोज सुरू करताना तुम्ही नाव आणि पासवर्ड दिला, तिथंच त्यानं तुम्हाला ओळखलं. राखणीचं कुत्रं मालकावर भुंकत असतंय का? सर मान हलवायचे आणि पटवून काही घ्यायचे नाहीत. शेवटी काकूंच्या नावाचं वेगळं खातं उघडलं. काकू पोळ्या लाटत होत्या, तशाच आल्या, पिठाच्या बोटानं फाइल दाबली आणि 'ॲक्सेस डिनाइड' आलं. सर इतके खूश झाले की मला चहा मिळाला. काकू म्हणाल्या, तीस वर्षं संसार केला, आणि मशीनला मी परकी.

निघताना मी खरी गोम सांगितली. ह्या कुलपाची एक किल्ली असते, तीही एक फाइलच. उद्या विंडोज नव्यानं टाकावं लागलं, तर नाव तेच, पासवर्ड तोच देऊनही हे फोल्डर तुम्हाला ओळखणार नाही. ही किल्लीच लागेल. मी ती काढून दिली आणि विचारलं, सीडीवर घालून एक प्रत दुकानात ठेवू का? झालं, सरांचे डोळे बारीक. म्हणजे नक्कल तुझ्याकडं, म्हणाले. मी कानाला खडा लावला. तुमची किल्ली, तुम्हीच जपा.

पुढच्या उन्हाळ्यात लाइट ये-जा करून करून विंडोज बसलं. नवं टाकण्याआधी मी दोनदा विचारलं, किल्ली हाय ना? हाय म्हणाले, एकदम भक्कम जागी हाय. टाकलं. फोल्डर जागेवर, हिरवी नावं शाबूत. दाबलं, तर ॲक्सेस डिनाइड. म्हटलं, आणा किल्ली. सरांनी त्याच फोल्डरावर बोट ठेवलं. अकरा हिरव्या नावांखाली बारावं हिरवं नाव, ते किल्लीचं. त्यांच्या दृष्टीनं घरात त्याहून भक्कम जागा नव्हती.

मला हसू फुटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, जाऊ द्या सर, प्रश्नपत्रिकाच ना, नव्या काढा. सर उठून आत गेले आणि माठापाशी नुसतेच उभे राहिले.

मग काकूंनी सांगितलं. सर पूर्वी एका खेड्यात चौथीच्या वर्गाला होते. गणपती विसर्जनाला लातूरला आले, तेव्हा पोरांच्या चाचणीचे पेपर तपासायला सोबत आणले. त्या पहाटे भूकंप झाला. वर्गातली बाराही पोरं गेली, पेपर राहिले. नंतर फोटो काढणारा कुणी आला, त्यातला एक पेपर परत आणून देतो म्हणून घेऊन गेला, तो गेलाच. तेव्हापासून सरांनी उरलेले अकरा कुणाच्या नजरेला पडू दिले नाहीत. त्यांना वाळवी लागली, तेव्हा दार लावून एकेक स्कॅन केला. उरलेला चुरा कचऱ्यात कसा टाकायचा, म्हणून नांदेडला जाऊन गोदावरीत सोडून आले.

मी हसलो होतो ह्याला.

चार दिवस मी जे जे येत होतं ते सगळं करून बघितलं. जुन्या विंडोजच्या जागेवर नवं बसलेलं, किल्लीचा मागमूस नव्हता. सरांना सांगताना वाटलं, आता म्हणणार, तूच घालवलं. मला ते चाललंही असतं. पण सर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "मी सांगतो, तू लिव."

चाचणीत पाच ओळींचा निबंध होता, 'माझे घर'. सर डोळे मिटून सांगत गेले. आमच्या घराला माळवद हाय. माळवदावर आज्जी निजती. मी सवयीनं 'आहे' टाइप केलं, तर खोडायला लावलं, पोरानं 'हाय' लिहिलंय म्हणाले. कुणाच्या घरी म्हैस, कुणाच्या दारात लिंब. दहा पेपर असे आले. अकराव्याला अडकले.

"आमचं घर लई..." पुढं येईना. लई जुनं होतं का लई मोठं, पुटपुटत बसले. मग डोळे उघडले.

"का हे सगळंच मी मनानं घालायलो?" माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला काय वाटतं, सलीम?"

इतक्या वर्षांत ह्या माणसानं मला असं कधी विचारलं नव्हतं. मी तर तो पेपर डोळ्यानं पाहिलेला नव्हता.

"मोठं, सर," मी म्हणालो. "पोरं आपल्या घराला मोठंच म्हणतेत."

सरांनी पुन्हा डोळे मिटले.

"हाव," म्हणाले. "मोठंच. लिव."