दुसऱ्याच्या दारची धूळ

माणसाला नाक दिले आहे ते श्वासासाठी, हा एक गोड गैरसमज आहे. श्वास तोंडानेही घेता येतो. पुसेगावजवळच्या वस्तीवर माघ सरला की निम्मे लोक तसाच घेतात (उरलेले निम्मे शिंकत असल्यामुळे त्यांची गणना करता आली नाही). नाक असते ते मानासाठी, आणि त्या बाबतीत उकंडरावांच्या नाकाला तोड नव्हती.

कढईतली हळद शिजली की नाही, हे उकंडराव नुसत्या वासावर सांगत. कुणाचीही कढई चढो, पहिला निरोप त्यांना. वाफेत नाक धरायचे, डोळे मिटायचे, "काढा" म्हणायचे आणि वर मानाचा चहा प्यायचा. यंदा ऐन हंगामात तेच नाक चोंदले. चोंदले म्हणजे असे, की चहा कोणता आणि काढा कोणता हे रंग पाहून ठरवावे लागे. सोमवारी तर घरचीच कढई चढायची होती! उकंडरावांनी सेनगावची वाट धरली.

सेनगावच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिले. "धुळीचा, धुराचा त्रास आहे. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ टाकून नाक धुवा, तोंडाला फडकं बांधा, धुळीपासून लांब राहा. घराजवळ काय काय आहे?"

उकंडरावांनी सगळे सांगितले. ग्यानबाचे हरभऱ्याचे मळणीयंत्र, मोहनसिंगचा माती वाहायचा ट्रॅक्टर, निर्मलाबाईंच्या उदबत्त्या. अंगणातला स्वतःचा हळद पॉलिश करायचा ड्रम तेवढा सांगितला नाही. लपवायचे म्हणून नव्हे हो! त्यातून पिवळे उडते ती लक्ष्मी, आणि लक्ष्मीला धूळ म्हणणारा माणूस अजून वस्तीवर जन्मला नाही.

त्यांच्या मंडळी नर्मदाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी फक्त मीठ किती टाकायचे ते विचारून घेतले.

रोगाचे मूळ शेजारी आहे हे शास्त्राने सिद्ध झाल्यावर (शास्त्र डॉक्टरांचे, सिद्धता उकंडरावांची) पारावर धूळ निवारण समिती बसली.

"ग्यानबा, तुझं यंत्र बंद ठिव. माझं नाक चोंदून राहिलं," उकंडराव म्हणाले.

"काहून? ते भुसकट हाय, धूळ न्हाई. बैलं खात्यात ते. तुमच्या ड्रमचं बोला की, मामा!"

"ते सोनं हाय!" उकंडराव गरजले आणि शिंकले.

मोहनसिंग म्हणाला, ट्रॅक्टरमागे उडतो तो विकास. निर्मलाबाई म्हणाल्या, उदबत्तीला धूर नसतो, भक्ती असते. अखेर समितीने व्याख्या केली: धूळ म्हणजे दुसऱ्याच्या दारातून आलेली. जो तो आपापले दार तपासून आला. कुणाच्याच दारात धूळ सापडली नाही. सबब वस्तीवर धूळ नाही. जी आहे ती कनेरगाव नाक्याकडच्या वाऱ्याबरोबर वाशीम जिल्ह्यातून येते, असा ठराव एकमताने शिंकून मंजूर झाला. आनंदाप्रीत्यर्थ फटाक्यांची माळ लावण्यात आली.

सोमवारी कढई चढली. अख्खी वस्ती भोवती जमली. उकंडरावांनी वाफेत नाक धरले, डोळे मिटले. वासच येईना. वास येत नाही म्हणायचे तर लाज.

"कच्ची हाय," ते म्हणाले. लोक थांबले. पुन्हा नाक धरले. "कच्चीच हाय."

"अव्हं, गाळ होऊन राहिली की हळद! काढा तिला!" नर्मदाबाई तोंडावरचे ओले फडके खाली ओढून ओरडल्या.

हळद उतरवली तर बोटाने दाबताच चिखल. उकंडरावांना रडूच कोसळले. लोकांनी ते वाफेवर ढकलले, एवढी माणुसकी वस्तीत आहे.

दुसऱ्या दिवशी जिवनबाईंची कढई चढली, आणि निरोप आला तो नर्मदाबाईंना. बाई डॉक्टरांकडून आल्यापासून रोज मिठाच्या पाण्याने नाक धूत होत्या. मानाचा चहा पिऊन त्या परतल्या, तेव्हा उकंडराव शेजाऱ्यांची वाळलेली हळद घालून पिवळ्याधमक अंगाने ड्रम फिरवत होते.

"आता तरी फडकं बांधा," बाई म्हणाल्या.

"बांधलं असतं," उकंडराव तोंडाने श्वास घेत म्हणाले, "पर वाशीमवाल्यांना वाटंल, आमी भ्यालो."

वाचकहो, खुशाल हसा, समितीची हरकत नाही. मात्र हसताना ज्या शेजाऱ्याचा चेहरा तुमच्या डोळ्यांपुढे आला, तोही हेच वाचून आत्ता हसतो आहे. त्याच्या डोळ्यांपुढे तुमचा आहे.