साडूभाऊंची काळी जाळी

खिडकीसाहेबांना आठवड्यातून एकदाच खरी झोप लागायची. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर, भिंतीकडे तोंड करून. बाकीच्या रात्री ते नुसते आडवे व्हायचे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीमागे बसून त्यांची इतकी वर्षं गेली होती की त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कुणाच्या तरी तोंडून ऐकू यायचं. दिवसभर लोक खिडकीशी तोंड आणून ओरडायचे आणि हे मान डोलवायचे. रात्री डोळे मिटले की तीच तोंडं परत रांगेत उभी राहायची. रविवारी दुपारी मात्र ती का कोण जाणे, यायची नाहीत. साहेबांना बढती नको होती, बंगला नको होता. ही एवढी एक झोप कुणी हलवू नये, इतकंच त्यांचं मागणं होतं.

आणि नेमके अशाच एका रविवारी साडूभाऊ टेम्पो घेऊन दारात उभे राहिले.

साडूभाऊंची वर्षभरासाठी लांबच्या गावी बदली झाली होती आणि तिथल्या घराला अंगण नव्हतं. म्हणून टेम्पोतून त्यांची शेगडी उतरली. ही स्वयंपाकघरातली शेगडी नव्हे. परसात कोळशावर भाजाभाजी करायची ती बार्बेक्यूची शेगडी, चार पाय, दोन चाकं आणि वर भलंमोठं घुमटासारखं झाकण. तिच्या मागोमाग कापडाची एक घडीची आरामखुर्ची उतरली.

"ही खुर्ची शेगडीची आहे," साडूभाऊ म्हणाले. "दोघींची ताटातूट करू नका."

"बरं," साहेब जांभई गिळत म्हणाले.

"आणि दर रविवारी पेटवायची. बारा महिने. ऊन असो, पाऊस असो. बंद राहिली की लोखंड रुसतं."

"बरं."

"झाकण लावलं की दोन तास कुणी जवळ फिरकायचं नाही. बोलायचंसुद्धा नाही. आतली वाफ बिथरते."

"बरं, बरं." समोरच्याचं काहीही न ऐकता योग्य जागी मान डोलवण्यात साहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता. टेम्पो वळायच्या आत ते पुन्हा दिवाणावर होते. खुर्ची बायकोने मागच्या व्हरांड्यात नेली आणि तिच्यावर उशा वाळत घातल्या.

दोन दिवसांनी बायकोने सहज म्हणून शेगडीचं झाकण उचललं.

"अगंबाई! अहो, ही जाळी बघितलीत का? हिच्यावर भाजतात की हिला जाळतात?"

"असू दे की. आपल्याला काय करायचंय?"

"असू दे काय? ताईची वस्तू आहे. उद्या म्हणेल, वर्षभर ठेवून घेतली आणि साधा हात फिरवला नाही. ताईचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे."

ताईचा स्वभाव साहेबांना ठाऊक होता. ताई एकदा बोलायला लागल्या की त्यांना बंद करायला खिडकीचं दार नसे. तेव्हा पुढच्या रविवारी साहेबांनी झोपेवर पाणी सोडलं आणि तारेचा ब्रश घेऊन ते परसात बसले. जाळीवरून काळ्या पपड्या सुटत होत्या, त्यांच्याखाली आणखी पपड्या होत्या. साबण झाला, राख झाली, नखं काळी झाली. दिवस कलायच्या सुमाराला आतून पांढरंशुभ्र लोखंड निघालं आणि त्यात साहेबांना स्वतःचं दमलेलं तोंड दिसलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तक्रार करायच्या आत काम झालं होतं. तो आनंद काही त्यांच्या पोटात राहीना. त्यांनी साडूभाऊंना फोन लावला.

"साडूभाऊ, शेगडीचंच सांगायला फोन केला होता..."

"अरे वा, मीच करणार होतो! एक सांगायचं राहिलं. जाळीला पाणी लावू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे धुवायची नाही, घासायची नाही. काळं दिसतं ती घाण नव्हे, तो थर आहे. लग्न झाल्यापासून मुरवलाय. सगळी चव त्या थरात असते."

मागून ताईंचा आवाज आला, "सांगा, नीट सांगा. त्यांना घासायची फार हौस आहे!"

"ऐकलंत ना? तो थर गेला की शेगडी गेली. तुम्ही काय सांगत होतात?"

साहेबांनी जाळीकडे बघितलं. जाळी चमकली.

"काही नाही. शेगडी पोचली, एवढंच."

"अहो, ती गेल्या रविवारी मीच आणून ठेवली ना?"

"हो. अजून आहे."

सकाळी उठून बघतात तर जाळी नारिंगी झालेली. एका रात्रीत गंज चढला होता. साहेब मटकन पायरीवर बसले. बायको मात्र संकटात शांत होणाऱ्यांपैकी होती.

"एवढं काय त्यात? नवा लोखंडी तवा आपण मुरवतोच ना? गंज काढायचा, तेल लावायचं, तापवायचं. परत तेल लावायचं, परत तापवायचं."

"किती वेळा?"

"काळा होईपर्यंत."

"अगं, तो थर त्यांच्या लग्नापासूनचा होता!"

"मग आजपासून लागा. ताई यायला वर्ष आहे."

इथून साहेबांच्या रविवारांची वाट लागली. पहिल्या रविवारी तेल जास्त झालं आणि काळ्या धुराचा लोट कुंपणापलीकडे गेला. तिथे शेजारीणबाईंच्या पांढऱ्या चादरी वाळत होत्या.

"अहो, हे काय चाललंय? माझ्या चादरींची काय दशा केलीत!"

"लेखी द्या," साहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

त्यावर शेजारीणबाई जे बोलल्या ते लेखी देण्यासारखं नव्हतं. प्रकरण मिटवायला साहेबांनी घाईघाईने मक्याचं एक कणीस भाजून कुंपणावरून पुढे केलं. बाई गप्प झाल्या. पुढच्या रविवारी त्या स्वतःची ताटली घेऊन कुंपणाशी उभ्या होत्या, आणि आता त्यांची तक्रार मिठाबद्दल होती.

तशात बायकोच्या डोक्यात एक व्यवहारी विचार आला. शेगडी पेटतेच आहे, कोळसा जळतोच आहे, तर वर काही टाकायला काय हरकत आहे? आधी कांदे-बटाटे आले, मग वांगी, मग मासे, मग कोंबडी. दोन-तीन रविवारांत स्वयंपाकघराला रविवारची रीतसर सुटी लागली. पावसाळ्यात साहेब शेगडीवर छत्री धरून स्वतः भिजत उभे राहिले, कारण लोखंडाला पाणी लागून चालणार नव्हतं, साहेबांना लागलं तर चालणार होतं. थंडीत कानटोपी घालून त्यांनी चिमट्याने बटाटे उलटले. पुढून भाजत आणि मागून गारठत त्यांचं ते दुपारभर चालायचं. मग राख काढा, जाळी पुसा, तेलाचा हात फिरवा. इतकं करून थर चढायचा तो जेमतेम, आणि एखाद्या रविवारी मासा चिकटला की त्याच्याबरोबर निघूनही जायचा.

एकदा चिमटा शोधायला ते घरात आले, तर दिवाणावर भिंतीकडे तोंड करून बायको झोपली होती.

"अहो, इथे किती छान झोप लागते," ती डोळे न उघडता म्हणाली. "मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. तुम्ही बोलला नाहीत कधी."

साहेब चिमटा न घेताच परत गेले.

रविवारची झोप गेली तशी सोमवारी खिडकीवर डुलकी येऊ लागली. अंगाला सदा धुराचा वास. लोक पाण्याची तक्रार विसरून "आत काही जळतंय का?" म्हणून वाकून बघायचे. शेवटी एका गृहस्थाने खिडकीवरचा माणूस झोपतो अशी तक्रार केली. ती द्यायलाही तीच खिडकी होती. साहेबांनी ती वाचली, त्यांना ती अगदी रास्त वाटली, आणि शिक्का मारून त्यांनी ती दाखल करून घेतली.

वर्ष सरलं. बदली संपवून साडूभाऊ आणि ताई आले तो दिवस रविवारच होता. ताई आणि बायको आत चहाला बसल्या आणि दोघे साडू परसात आले. रविवारांमागून रविवार गेले होते, आणि निकाल आता एका झाकणाखाली होता.

साडूभाऊंनी झाकण उचललं. जाळीवरून बोट फिरवलं. वाकून वास घेतला.

"तशीच आहे," ते म्हणाले. "अगदी होती तशीच."

साहेबांना भरून आलं. "काकणभर जास्तच काळी असेल," ते लाजून म्हणाले.

"म्हणजे तुम्ही घासली नाहीत?" साडूभाऊंचा आवाज कुणाच्या मयताला आल्यासारखा झाला होता.

"अहो, तुम्हीच तर फोनवर म्हणालात..."

"म्हणालो! शेजारी तुमची मेहुणी बसली होती! तिच्यासमोर काय सांगू, घासा म्हणून?" साडूभाऊ शेगडीला टेकले. "लग्नानंतर पहिल्यांदाच ती म्हणाली, जाळी घासून ठेवा. मला आला होता कंटाळा. म्हटलं, घासली तर चव जाते. ती जे धरून बसली! आता मलाच ही जाळी बघवत नाही. खाताना दाताखाली पपड्या येतात. म्हटलं, तुमच्याकडे ठेवू. तुम्हाला स्वच्छतेची आवड. काही न सांगता घासून टाकाल, आणि नाव तुमच्यावर येईल."

साहेब पायरीवर बसले.

"घासली होती मी. पहिल्याच आठवड्यात. तोंड दिसत होतं."

"मग?"

"मग ही मुरवली. दर रविवारी. पावसात छत्री धरून."

साडूभाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे झाकण लावल्यावरचे दोन तास तुम्ही काय करत होतात?"

"उघडून बघत होतो. तेल लावत होतो. उलटत होतो."

"आणि खुर्ची?"

"तिच्यावर उशा आहेत."

"अरे देवा!" साडूभाऊंनी घराकडे बघून आवाज उतरवला. "अहो, भाजायला शेवटचा अर्धा तास पुरतो. आधीच्या दोन तासांत आत काहीच नसतं. एका कोपऱ्यात ओला पालापाचोळा धुमसत ठेवायचा. धूर दिसला की आतली मंडळी निर्धास्त. कुणी फिरकत नाही, कुणी बोलत नाही. बारा महिने, दर रविवारी मी दोन तास झोपतो. नाहीतर मला काय बटाटे भाजायची हौस आहे? म्हणून तर म्हटलं, दोघींची ताटातूट करू नका!"

साहेबांना ते वाक्य आठवलं. वाफ बिथरते, तेही आठवलं. दोन्हींवर आपण "बरं" म्हटलं होतं, हेही आठवलं.

साडूभाऊ व्हरांड्यातून खुर्ची घेऊन आले. एक उशी तिच्यावरच होती. त्यांनी मूठभर पाला शेगडीत टाकला, काडी लावली, झाकण बसवलं. झाकणाच्या भोकातून धुराची एक बारीक रेघ निघाली.

"आज तुम्ही पडा. मी पायरीवर भागवतो. मग संध्याकाळी शेगडी घेऊन जातो, तुमची एकदाची सुटका."

"न्यायची घाई आहे का?" साहेबांनी विचारलं.

आतून बायकोची हाक आली, "अहो, किती वेळ लागेल?"

"झाकण लावलंय!" दोघे एकदम ओरडले. आत लगेच शांतता झाली. ताई बहिणीला दटावताना ऐकू आल्या, "बोलू नकोस गं, वाफ बिथरते."

साहेब खुर्चीत टेकले. साडूभाऊंच्या इतक्या वर्षांच्या झोपेने कापडाला मधोमध खोलगा पडला होता आणि पाठ त्यात आपोआप बसली. जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकलेल्या त्या माणसाकडे आज पहिल्यांदाच स्वतःची एक तक्रार होती, वर्षभराची, सबळ, साक्षीपुराव्यासकट, आणि जिच्याविरुद्ध होती ती व्यक्ती समोरच पायरीवर बसलेली होती. साहेबांनी ती मांडायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहून त्यांना झोप लागली.