झोपून निवडलेली गाडी

गाडी कशी निवडायची हे लोकांना कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. लोक रंग बघतात, शेजाऱ्याने कुठली घेतली ते बघतात, दार लावताना येणारा 'धप्प' आवाज ऐकून माना डोलावतात आणि चावी घेऊन घरी येतात! मी तसला नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. पेशंटचं वजन, वय, हृदय, फुप्फुसं, काल काय खाल्लं, कवळी आहे का, हे सगळं विचारल्याशिवाय मी सुईला हात लावत नाही. असा माणूस गाडी काय अशीच उचलून आणेल?

आणि मला साधी गाडी घ्यायचीच नव्हती. मला मोहिमेची गाडी बनवायची होती! आमच्या शहरापासून बऱ्याच लांब डोंगरांच्या पलीकडे एक पठार आहे. रस्ता संपतो, नदीचं कोरडं पात्र लागतं, मग दगड, मग वाळू आणि मग ते पठार. तिथं कुणी नसतं म्हणे. मोठी गाडी तिथल्या अरुंद घळीत अडकते, त्यामुळे छोटी एसयूव्हीच हवी. चारही चाकांना जोर असलेली, पोट उंच असलेली. मागची सीट काढायची, तिथं प्लायवूडचा ओटा ठोकायचा, ओट्याखाली दोन खण. एकात स्टोव्ह, एकात पाण्याचे कॅन. ओट्यावर गादी. झालं घर!

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली.

"तंबूत मी झोपणार नाही. गाडीत झोपेन. पण पाय लांब करून. आणि तू घोरतोस, तेव्हा तुझं तोंड माझ्या कानाशी येता कामा नये."

"मान्य!"

"आणि या शनिवारच्या आत गाडी ठरव. तीन महिने जेवताना मी फक्त ग्राउंड क्लिअरन्स ऐकतेय."

"ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यांच्यातलं..."

"माहितेय! तुझ्या पोटाचं किती आहे ते बघ आधी."

शेवटच्या यादीत तीन गाड्या उरल्या होत्या. त्यांना बायकोने नावं दिली होती, डबा, साबण आणि बेडूक. डबा पहाड चढायचा, पण आत शिरायचं तर माझी इस्त्रीच्या कपड्यासारखी घडी घालावी लागायची. साबण ऐसपैस होता, पण साधा गतिरोधक दिसला तरी पोट आत ओढून घ्यायचा. राहिला बेडूक. बुटका, रुंद, डोळे वटारलेला. कागदावर बेडूक सगळ्यात पास होता. प्रश्न एवढाच होता, की मी त्याच्यात मावतो का? माझी उंची सहा फूट. हे कागदावर कळत नाही, ते झोपूनच बघावं लागतं!

घरात आणखी एक मत होतं, ते म्हणजे सासऱ्यांचं. बाबा आमच्याकडेच राहतात. नोकरीत असताना ते पुलांची तपासणी करायचे. पुलाखाली उभं राहायचं, वर बघायचं आणि "हा पडेल" म्हणायचं, याचा त्यांना आयुष्यभर पगार मिळाला. आता पूल नव्हते, म्हणून माझ्या गाड्या होत्या. मी मोबाइलवर कुठलीही गाडी दाखवली, की ते चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "उलटेल."

"बाबा, ही सगळ्यात स्थिर गाडी आहे!"

"स्थिर आहे तोवर आहे. मग उलटेल."

स्वतः बाबांना गाडी चालवायला बंदी होती. लायसन्स चालू होतं, बंदी घरची होती. गेल्या वर्षी त्यांनी आमची जुनी गाडी मागे घेता घेता समोरच्या दंतवैद्याची पाटी पाडून वेटिंग रूमचं दार एकदमच उघडलं, तेव्हापासून चावी बायकोच्या पर्समध्ये असते.

त्या दिवशी मी रात्रपाळी संपवून, नाश्ता करताना जाहीर केलं, "बेडूक जवळजवळ ठरला! आज शोरूममध्ये जाऊन एक शेवटची चाचणी करतो." बाबा पेपर वाचत होते. पेपर उलटा होता, हे मला नंतर आठवलं.

दुपारी मी शोरूममध्ये पोचलो, तो काखेत फोमची गादी, पांढरी चादर आणि मोजायची टेप घेऊन. विक्रेतीने गादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सर, टेस्ट ड्राइव्ह?"

"नाही. टेस्ट झोप."

बाई अनुभवी होती. तिने चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. मागच्या आवारात शेडखाली ट्रायलचा बेडूक उभा होता. तिने मागची सीट आडवी करून दिली आणि म्हणाली, "निवांत बघा सर. मी तेवढ्यात जेवून येते."

मी बूट काढून बाहेर नीट जोडीने ठेवले, कारण गाडी नवी होती. आत गादी पसरली. सरळ झोपलो, तर डोकं लागलं. तिरका झोपलो आणि काय सांगू! डावा पाय कोपऱ्यात, डोकं उजव्या सीटच्या मागे, बरोब्बर मावलो! पण खरी चाचणी म्हणजे परिस्थिती हुबेहूब हवी. म्हणून अंगावर चादर घेतली. उजेड डोळ्यांवर येत होता, म्हणून खिशातली ऑपरेशन थिएटरची हिरवी टोपी काढून नाकापर्यंत ओढली. आता दहापर्यंत आकडे मोजायचे आणि उठायचं. हे आकडे मी रोज पेशंटकडून मोजून घेतो. कुणीही सातच्या पुढे गेलेलं मला आठवत नाही.

मी चारवर गेलो.

जाग आली ती हादऱ्याने. सगळं हलत होतं. माझ्या डोक्याखाली इंजिन गुरगुरत होतं. मागचं दार कुणीतरी बंद केलं होतं आणि गाडी चालली होती! मी ओरडणार, इतक्यात पुढून ओळखीचा आवाज आला.

"हा खटका कशाचा?"

बाबा!

"सर, तो लो रेंजचा. चढावर जास्त ताकद लागते तेव्हा. पण आपण आता फक्त चौकापर्यंत जाऊन परत..." हा आवाज नवा होता. टोपीच्या कडेखालून एक टाय दिसला. टायच्या वरचा माणूस दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरून बसला होता.

आता तुम्ही म्हणाल, मी बोललो का नाही? मी डॉक्टर आहे हो! पंचाहत्तरीच्या जवळचा गृहस्थ भर रस्त्यात गाडी चालवतोय आणि त्याच्या मागून एकदम एक जावई उठून बसतो! याला वैद्यकशास्त्रात काय म्हणतात मला माहीत नाही, पण ते करू नये. गाडी थांबेपर्यंत गप्प पडून राहायचं मी ठरवलं. शिवाय, खोटं कशाला बोलू, पुढे माझा विषय निघाला होता.

"गाडी तुमच्यासाठी बघताय का सर?" टायवाल्याने विचारलं.

"जावयासाठी. भूल देतो तो. बोलायला लागला की औषध लागत नाही."

मी चादर दाताखाली धरली.

"सर, इकडे कुठे? हा रस्ता नाही!"

"रस्त्यावर चालवायला कशाला घ्यायची ही गाडी?"

गाडीने धाडकन काहीतरी ओलांडलं. मी गादीसकट हवेत गेलो आणि गादी माझ्याआधी खाली आली. नंतर कळलं, की बाबांनी बेडूक एका होऊ घातलेल्या इमारतीच्या प्लॉटवर घातला होता. खड्डे, वाळूचे ढीग, मुरुमाच्या टेकड्या. त्यांनी लो रेंज टाकली आणि सगळ्यात उंच ढीग निवडला.

"सर, नको! सर, उलटेल!"

"तेच बघायचंय!"

बेडूक चढायला लागला. मी घसरायला लागलो. गादी, मी आणि टेप असे तिघंही मागच्या दारावर जाऊन आदळलो.

"मागे काय वाजलं?" बाबांनी विचारलं.

"स... सस्पेन्शन असेल सर."

ढिगावरून गाडी आडवी कलली. मी डावीकडून उजवीकडे लाटण्यासारखा गेलो आणि कमरेत अशी काही कळ आली की बस!

"आई गं!!"

बाबांनी मान वळवून टायवाल्याकडे पाहिलं.

"तुमचं सस्पेन्शन बोलतं का हो?" बाबा म्हणाले.

आता लपण्यात अर्थ नव्हता. मी एका हाताने सीट धरली आणि उठलो. आरशात त्यांना काय दिसलं असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं, नाकापर्यंत हिरवी टोपी घातलेलं काहीतरी, कण्हत कण्हत वर येत होतं! टायवाला किंचाळला. बाबांचा पाय ब्रेकवर जायचा तो भलत्यावर गेला. बेडूक ढिगावरून सरळ खाली उतरला आणि सिमेंट कालवायच्या जागेजवळ साचलेल्या चिखलात पोटापर्यंत जाऊन बसला. टायवाला दार उघडून बाहेर पडला, चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला, कसाबसा सुटला आणि मागे न बघता रस्त्याकडे पळाला.

बाबांनी इंजिन बंद केलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"जावईबापू, तुम्ही इथं काय करताय?"

"मी झोपलो होतो. बाबा, तुम्ही इथं काय करताय?"

"मी लायब्ररीत आहे."

मग बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही तिला कुठल्या कुठं घेऊन जाणार. तिथं फोन लागत नाही, माणूस दिसत नाही. पुलावरून आगगाडी जाण्याआधी मी स्वतः त्यावरून चालत जायचो. इथं माझी मुलगी जाणार. मग मी एकदा चालवून बघायला नको?"

तीन महिने मी टायरचे आकार तोंडपाठ केले होते, पण या माणसाला गाडीत बसवून एक चक्कर मारावी, हे मला सुचलं नव्हतं.

"मग? काय वाटतं?" मी विचारलं.

"उलटली नाही," बाबा जरा नाराजीनेच म्हणाले.

घरी काही सांगायचं नाही, असं आमचं ठरत होतं, तेवढ्यात सायरन ऐकू आला. झालं होतं असं, की टायवाल्याने रस्त्यावरून शोरूमला फोन केला होता, "गाडीत मागे डेड बॉडी आहे आणि ती उठलीय!" तिकडे विक्रेती जेवून आली, तर शेडखाली गाडी नाही, फक्त माझे बूट! तिने माझ्या घरी फोन लावून बायकोला विचारलं, "मॅडम, सर बूट न घालता कुठे गेलेत?" मग या दोन बातम्या कुणीतरी एकत्र केल्या आणि बायकोला जागा कळवून अँब्युलन्स मागवली. ती नेमकी आमच्याच हॉस्पिटलची!

वॉर्डबॉयने मागचं दार उघडलं.

"अरेच्चा, डॉक्टर! डेड बॉडी कुठाय?"

"मीच," मी म्हणालो. कमर सरळ होत नव्हती. त्यांनी मला चादरीसकट उचलून स्ट्रेचरवर ठेवलं आणि अगदी त्याच क्षणी टॅक्सीतून बायको उतरली.

तिने आधी मला बघितलं. स्ट्रेचरवर, मोजे घातलेला, हिरव्या टोपीतला. मग स्टिअरिंगमागचे बाबा बघितले.

"लायब्ररी?" तिने बाबांना विचारलं.

बाबा घड्याळाकडे बघायला लागले.

"कुणाला काही लागलंय?"

"कंबर," मी म्हणालो.

"उरलेलं?"

"उरलेलं ठीक आहे."

तिने एक मोठा श्वास घेतला. मला वाटलं, आता भडका! पण तिने चपला काढून हातात घेतल्या, चिखलातून गाडीपर्यंत गेली आणि म्हणाली, "बाबा, सरका तिकडे."

"अगं, तुला नाही जमणार!" मी स्ट्रेचरवरून ओरडलो. "लो रेंज टाक! चाकं सरळ ठेव! ॲक्सिलरेटर..."

"दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. पुढे, मागे, पुढे, मागे. तीन महिने जेवताना हेच ऐकतेय ना मी!"

बेडूक हलला. पुढे, मागे, पुढे, मागे. आणि मग 'फच्च' असा आवाज करून बाहेर आला! वॉर्डबॉयने टाळ्या वाजवल्या. टायवाल्यानेसुद्धा वाजवल्या, लांबून. बायको कोरड्या जमिनीवर थांबली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तिच्या चेहऱ्यावर मी लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी न पाहिलेला आनंद होता.

"हीच घ्यायची!" ती म्हणाली.

बेडूक आला. सुताराने ओटा ठोकला, खण बसवले. मी हे सगळं पलंगावरून, फोनवर सूचना देऊन करून घेतलं, कारण हाडांच्या डॉक्टरांनी मला खडबडीत रस्ता चार महिने वर्ज्य केलाय. आणि सुट्टी तर मंजूर झालेली! ती वाया कशाला घालवायची, म्हणून मोहिमेवर दोघं गेले. बाबा आणि बायको. पहिला दिवस ती चालवणार, दुसरा दिवस ते. बंदी उठली.

काल फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज, पण तिथून फोन लागला होता, हेच नवल!

"पोचलो!" ती ओरडत होती. "नदी ओलांडली, घळ ओलांडली, वाळूत दोनदा रुतलो, दोनदा निघालो! बाबा खूश आहेत!"

माझा ऊर भरून आला. "आणि पठार? कसंय? एकदम निर्मनुष्य ना?"

"अं... तसं नाही म्हणता येणार."

"म्हणजे?"

"पलीकडून डांबरी रस्ता झालाय अरे. नवीन. एका शाळेची सहल आलीय, चार बस आहेत. मुलं विचारतायत, तुम्ही त्या बाजूने का आलात?"

मी 'आवाज येत नाहीये' असं म्हणून फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.