एकही टाका न उसवता

"तुमचा विश्वास बसणार नाही," असं मास्तर आधीच बजावतात, आणि तो बसेपर्यंत माणसाला हलू देत नाहीत. त्यांना ते सोपं जातं. मास्तर शिंपी आहेत. गोष्ट सुरू करण्याआधी ते गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप टाकतात आणि दोन्ही टोकं हातात धरूनच बोलतात. गोष्ट संपल्याशिवाय माप पूर्ण होत नाही.

मास्तरांच्या दुकानाच्या काचेत एक कोट टांगलेला आहे. कॉफीच्या रंगाचा, रुंद कॉलरचा. तोंड आत, पाठ रस्त्याकडे, म्हणजे आत आलेल्या गिऱ्हाइकाची नजर पहिली त्याच्यावर पडावी.

"हा कोट मी माझ्या लग्नासाठी शिवला. तीस वर्षांनी लेकीच्या लग्नात घातला. मध्ये एकही टाका उसवला नाही. सगळी किमया योग आणि पिलाटेसची!"

आणि मग गोष्ट सुरू होते.

मास्तरांच्या लेकीनं लग्न ठरवलं ते नेमकं समोरच्या रेडिमेड कपड्यांच्या दुकानदाराच्या मुलाशी. रस्त्याच्या अलीकडे मास्तर, पलीकडे रेडिमेड. वीस वर्षांत दोघांनी एकमेकांना खोकून दाखवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे, "घ्या की समोरचा माल, नको कोण म्हणतंय? तीन वर्षांत रंग उडतो, एवढंच." समोरचा सांगायचा, "मास्तरांकडे कापड जरूर टाका. मुलगा शाळेत जायला लागला की टाका, त्याच्या लग्नात मिळेल."

बोलणी करायला दोन्ही घरं एकत्र बसली. सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. तेवढ्यात होणारे व्याही प्रेमानं म्हणाले, "मास्तर, लग्नातला तुमचा कोट आमच्याकडून बरं का. आमच्याकडे सगळी मापं असतात." मग मास्तरांच्या पोटाकडे बघून त्यांनी पुस्ती जोडली, "म्हणजे अगदी सगळी."

मास्तरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "मी माझा लग्नातलाच कोट घालणार!" ते गरजले. "एकही टाका न उसवता! बटण लागलं नाही, तर तुमच्या दुकानातला रेडिमेड घालून हॉलच्या दारात उभा राहीन, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की हा रेडिमेड आहे!"

शिंप्यानं असं बोलणं म्हणजे हलवायानं विकतचं खाऊन दाखवतो म्हणण्यासारखं. पण शब्द सुटला होता. लग्नाला अडीच महिने होते.

घरी आल्यावर मास्तरांनी पेटीतून कोट काढला, अंगात घातला आणि श्वास रोखून बटण ओढलं. बटण आणि काज यांच्यात टेप धरून मास्तरीणबाईंनी आकडा वाचला.

"सहा इंच."

"पुन्हा बघ."

"पुन्हा बघितलं तर साडेसहा होतील. तुम्ही श्वास सोडलात."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर व्यायामाच्या वर्गाला जायला लागले. वर्ग जवळच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भरायचा. पहिल्या दिवशी जिना चढून गेल्यावर मास्तरांना वाटलं, व्यायाम झाला, आता घरी जाऊ देतील. शिकवणाऱ्या बाई दोऱ्याच्या रिळासारख्या ताठ आणि सडपातळ. त्या म्हणाल्या, "सोम, बुध, शुक्र योग. मंगळ, गुरु, शनि पिलाटेस."

"पिलाटेस म्हणजे काय असतं?"

"बराचसा झोपून करायचा व्यायाम, काका."

"झोपून?" मास्तरांचा चेहरा उजळला. "मग तो माझा लहानपणापासून चालू आहे."

तो गैरसमज अर्ध्या तासात फिटला. बाई म्हणाल्या, "बेंबी पाठीला चिकटवा." मास्तर म्हणाले, "बाई, मध्ये बराच प्रवास आहे." बाई म्हणाल्या, "पाय वर, खांदे वर, आणि हात हलवत शंभरपर्यंत मोजा." मास्तरांनी अकरापर्यंत मोजलं आणि पुढचे एकोणनव्वद त्यांनी बाईंवर सोपवले. योगात मात्र ते शेवटच्या शवासनात पहिले आले. बाकीचे उठून चटया गुंडाळत होते, तरी मास्तरांचं आसन चालू होतं, आवाजासकट.

खरा घोटाळा झाला तो पहिल्या शुक्रवारी. व्यायामाला विकतची ताणणारी पँट घ्यायची म्हणजे समोरच्या दुकानात जाणं आलं. ते शक्य नव्हतं. म्हणून मास्तरांनी एका गिऱ्हाइकाच्या कोटातून उरलेल्या कापडाची पँट स्वतः शिवली. क्रीज पाडून, दोन खिशांची, झोकदार. बाई म्हणाल्या, "कमरेतून खाली वाका, हात जमिनीला." मास्तर वाकले. कोटाचं कापड काही वाकलं नाही.

फर्रर्र!

वर्गात सहा बायका होत्या. त्यातल्या चौघी मास्तरांच्या गिऱ्हाईक. त्यातली एक हळूच म्हणाली, "मास्तर, शिवण गेली वाटतं."

तीस वर्षांचं नाव त्या एका आवाजात फाटायला आलं होतं. मास्तर वाकल्या अवस्थेतच म्हणाले, "माझी शिवण कशी जाईल? समोरच्या दुकानातली आहे हो. रेडिमेड!"

बारा वाजेपर्यंत ही बातमी रस्ता ओलांडून पलीकडे गेली. व्याही भांडायला येतील म्हणून मास्तर तयारीत बसले होते. पण व्याही जातीचे दुकानदार. त्यांनी भांडण केलं नाही, पाटी लावली: 'व्यायामासाठी मास्तरसुद्धा आमचीच पँट घालतात.'

मास्तर काचेतून पाटी वाचत राहिले. पाटी खोटी आहे म्हणावं, तर फाटलेली शिवण आपली ठरते. खरी आहे म्हणावं, तर दुकान बंद करून व्याह्यांकडे नोकरीला जावं लागेल.

"आता कोट बसलाच पाहिजे," ते बायकोला म्हणाले. "नाहीतर या रस्त्यावर मला कुणी शिंपी म्हणायचं नाही."

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं की घाम, ते नीट कळत नव्हतं. "तुम्ही व्यायाम करा," त्या म्हणाल्या. "बाकी होईल सगळं व्यवस्थित."

आणि काय आश्चर्य! शनिवारी पिलाटेस झालं की रविवारी कोट घालून बघायचा, असा नेम ठरला. पहिल्या रविवारी अंतर साडेपाच इंच. दुसऱ्या रविवारी पाच. दर आठवड्याला बरोबर अर्धा इंच! मास्तर हरखून गेले. पोट आटतंय म्हटल्यावर जेवताना दोन घास जास्त घ्यायला हरकत नव्हती. दोनाचे चार झाले. एक दिवस बाईंनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं.

"काका, दोन किलो वाढलंय."

"ते स्नायूंचं," मास्तर म्हणाले. "पोट आत जातंय, ते कुठेतरी जाणारच ना?"

घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं. मास्तरीणबाई खांद्यावरचे दोऱ्याचे तुकडे झटकत म्हणाल्या, "त्या काट्याला काय कळतंय? टेप खरी."

आठ रविवार झाले. अंतर दोन इंचांवर आलं. आणि नवव्या रविवारीही तिथेच अडलं. लग्नाला उरले दहा दिवस.

त्या रविवारी दोघंही कोटाकडे बघत बसले. मास्तरीणबाईंचा चेहरा तर मास्तरांपेक्षा उतरला होता. "अहो," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "आता मात्र सगळं तुमच्याच हातात आहे."

"आजवर कुणाच्या हातात होतं मग?" मास्तर चिडून म्हणाले. त्या कोटाची घडी घालायला लागल्या.

पुढच्या दहा दिवसांत मास्तरांनी जो व्यायाम केला, त्याचं वर्णन ते दर वेळी वेगळं करतात. कधी दिवसातून दोन वर्ग असतात, कधी चार. एकदा तर खालच्या मजल्यावरच्या लोकांनी छताला टेकू लावला होता. त्याच आठवड्यात एका दुपारी व्याही रस्ता ओलांडून आले आणि बाकावर बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारायला लागले.

"मास्तर, तुमच्या त्या व्यायामाच्या बाई परवा दुकानात आल्या होत्या. सगळ्यात मोठ्या मापाचा पुरुषी कोट घेऊन गेल्या. बाई तर एकट्याच राहतात म्हणे. कुणासाठी असेल हो?"

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून ते काही बोलले नाहीत.

लग्नाचा दिवस उजाडला. मास्तरांनी कोट अंगात चढवला. मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. बटण काजात गेलं, आणि असं गेलं, जणू तिथंच राहायला होतं. मास्तरीणबाईंनी डोळे उघडले आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"बसलं?" त्या म्हणाल्या. "खरंच बसलं? अहो, कसं काय बसलं?"

"पिलाटेस!" मास्तर म्हणाले.

हॉलच्या दारात मास्तर कोट घालून उभे राहिले. व्याह्यांनी बटण बघितलं, हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली. कोट काचेत गेला. या गोष्टीला पाच वर्षं झाली, नातवंड शाळेत जायला लागलं, पण मास्तर अजून हीच गोष्ट सांगतात आणि शेवटी टेप सोडत म्हणतात, "एकही टाका न उसवता!"

परवा मात्र एका गिऱ्हाइकाला ते हेच सांगत असताना मागच्या बाकावर व्याही येऊन बसले होते. पूर्ण गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. मास्तरांचं शेवटचं वाक्य संपताच ते उठले.

"खोटं!"

मशीनवर बसलेल्या मास्तरीणबाईंचा पाय थांबला. त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"हो, खोटं!" त्या म्हणाल्या. "मीच उसवला! हे शनिवारी पिलाटेसला गेले की दोन्ही कुशीच्या शिवणी मी उसवायचे आणि अर्धा इंच सैल करून पुन्हा शिवायचे. आठ शनिवार! टाका यांच्यासारखाच घालते मी, यांना कळलंसुद्धा नाही. पण शिवणीत आत दुमडलेलं सगळं कापड संपलं, चारच इंच निघाले. शेवटचे दोन इंच मात्र यांच्या घामाचे, हं! ते व्यायामाचेच. त्याला कुणी नावं ठेवायची नाहीत."

मास्तर बायकोकडे बघतच राहिले. तोंड उघडं, टेप जमिनीवर. गिऱ्हाईक सुटलं होतं, पण जायला तयार नव्हतं.

"विहीणबाई, मी तुमच्याबद्दल बोलतच नाही," व्याही शांतपणे म्हणाले. "मी बोलतोय त्या दोन इंचांबद्दल. या कोटाचं तोंड तुमच्याकडे असतं, पण पाठ माझ्या दुकानाकडे असते. पाच वर्षं मी गल्ल्यावर बसून ती पाठ बघतोय. सगळा कोट जसाच्या तसा आहे, पण पाठीच्या मधोमध, कॉलरपासून खालपर्यंत, बरोबर दोन इंचांचा एक पट्टा चहासारखा फिका पडलाय. मला वाटायचं, उन्हानं असेल. पण ऊन काय टेप लावून पडतं? आणि मास्तर, तीन वर्षांत रंग कुणाच्या मालाचा उडतो, हे तुम्हीच तर सगळ्या गावाला सांगत आलात. त्या व्यायामाच्या बाईंनी नेलेला कोटही कॉफीच्याच रंगाचा होता!"

मास्तर टेप उचलायला खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

"म्हणजे, व्याहीबुवा," व्याही त्यांच्या डोक्यावरून म्हणाले, "लेकीच्या लग्नात तुम्ही आमचाच रेडिमेड घालून मिरवलात की!"