आभाळ आलं का चक्की सुरू

थांबा, हे आत्ताच सांगू द्या, नाहीतर माझ्या पोटात राहणार नाही. आमच्या चिखलीतल्या गल्लीत आभाळ भरून आलं का लोकं मोबाइल पाहत नाहीत, सुदामकाकाची चक्की ऐकतात.

म्हणजे असं. चैत्रात दुपारी भलतं ऊन, अन् दिवस कलला का कुठून तरी काळं आभाळ येते. गिऱ्हाईक एकही नाही, तरी काकाची पिठाची चक्की घर्रर्र सुरू झाली, का समजायचं विजा येऊन राह्यल्या. मंग पूरी गल्ली गच्चीवर पळते, कुरड्या-पापड उचलाले. आमच्या आईची एकही कुरडई भिजली नाही अजून.

ही चक्की डाकूसाठी सुरू होते. डाकू म्हणजे काकाचा कुत्रा. रंगानं काळा, पण पिठानं पांढरा. नाव डाकू, अन् वीज कडाडली का जीव मुठीत. तो चक्कीतच लहानाचा मोठा झाला, त्यामुळं चक्की फिरून राह्यली असली तरच निवांत झोपते. चक्की बंद अन् वर विजा, का गेला पळून. मागच्या साली असाच खामगाव रोडले पळाला होता. काका भर पावसात सायकल घेऊन त्याले हाका मारत फिरले. सापडला तेव्हा दोघंही थरथरत होते.

रिकामी चक्की फिरवली तं दगड घासतात. म्हणून काका घरात जे सापडन ते ओततात. ज्वारी, गहू, चण्याची डाळ, एकदा तं मेथ्या. ते पीठ मंग गल्लीत फुकट वाटतात. त्याले आम्ही वादळाचं पीठ म्हणतो. मेथ्यावाल्या भाकरी आमच्या बाबांनी मुकाट्यानं खाल्ल्या, काऊन का काकाले नाही म्हणता येत नाही. ते ऐकूनच घेत नाहीत.

बोलतही नाहीत ते. कोणी काही विचारलं का एकच उत्तर, "बोलू नोको, तोंडात पीठ जाते." चक्की बंद असली तरी हेच. काकू गेल्यापासून असंच हाय. पण डाकूसंग मात्र दिवसभर बडबड. भाजी काय केली, कोणाचा गहू किडका निघाला, सगळा रिपोर्ट त्याले. डाकू डोळे मिटून पडला असते.

तं काल मी गव्हाचा डबा घेऊन गेली, अन् तिथंच आभाळ गच्च झालं. काकानं चक्की सुरू केली, मूठभर ज्वारी टाकली, अन् पहिलीच वीज अशी कडाडली का लाईन गेली. चक्की थांबली. डाकू उठून उभा. शटर अर्धं वर.

"शटर ओढ वं पोरी," काका ओरडले. मी लोंबकळली त्याले, पण ते हाललंच नाही. डाकू माझ्या पायापाशी आला, अन् मले वाटलं गेला हा आता. तेवढ्यात काका त्या पिठातच फतकल मारून बसले, डाकूले ओढून छातीशी धरलं अन् तोंडानंच सुरू झाले, घर्रर्रर्र.

मले असं हसू आलं. पण डाकू थांबला नं! काकाचा दम संपला तसं त्यायनं मले हातानं खुणावलं. मंग मीही डाकूच्या पाठीले गाल लावून घर्रर्र. पावसामुळं आत शिरलेल्या कोपऱ्यावरच्या मावशी शेपटीकडून लागल्या. आम्ही तिघं मिळून चक्की झालो. बाहेर पत्र्यावर गारा, आत आमचं दळण, अन् मधात डाकू घोरून राह्यला.

पाऊस उघडल्यावर मावशी निघाल्या. मी म्हटलं, काका, कान लय तेज हायेत याचे, तुमच्या तोंडाची चक्कीही ओळखली.

काका त्याच्या कानातलं पीठ फुंकरीनं उडवत होते. "कायचे कान? दोन वर्सं झाली, ह्याले ऐकू येत नाही. इजेनं जमीन हादरते तेवढं समजते. चक्कीचंही तसंच, पोटाले लागते त्याच्या."

"मंग दिवसभर बोलता ते? अन् मागच्या साली हाका मारल्या त्या?"

काकानं शटरबाहेर पाहिलं, मावशी दूर गेल्या का म्हणून. मंग हळूच म्हणाले, "त्याले थोडंच सांगितलं म्या, का तुले ऐकू येत नाही म्हून."

मी पुढं काही बोलली नाही. तोंडात पीठ जाते.

पण तुम्ही सांगा नं, तुमच्याकडं वीज कडाडली का कोण कोणाले छातीशी धरते? झालं हाय का असं तुमच्यासंग कधी?