निळ्या दारासमोरचा नळ

विसूभाऊ टेंब्यांकडे गेलेल्या माणसाच्या हाती पाण्याच्या भांड्याआधी चिंचोका पडत असे. "चहा की कोकम?" असे विचारून ते आतल्या पडद्याकडे बोट दाखवीत. पडद्यामागे फळीवर पत्र्याचे दोन डबे. एकावर कपबशीचे चित्र, दुसऱ्यावर पेल्याचे. पाहुण्याने आत जायचे, हव्या त्या डब्यात चिंचोका टाकायचा आणि अवाक्षर न काढता बाहेर येऊन बसायचे. मग विसूभाऊ दोन्ही डबे आणून सर्वांसमक्ष, म्हणजे त्या एकट्या पाहुण्यासमक्ष, उपडे करीत आणि जाहीर करीत, "चहा. बहुमतानं."

"अहो, मतदार मी एकटा! मी काय मागितलं ते तुम्हाला कळणारच की!" मी एकदा वैतागून म्हणालो.

"कळलं ते निकालातून. तुमच्या तोंडून नव्हे. मत गुप्त, निकाल जाहीर."

एवढे होईपर्यंत चहाची इच्छा मेलेली असे.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे की, परवा कट्ट्यावर कर्णिकांनी पुन्हा तोच किस्सा रंगवला. टेंब्यांनी म्हणे लबाडी करून गल्लीचा नळ स्वतःच्या दारात नेला. कर्णिक माझ्याहून वयाने लहान आहेत, आणि त्यांची स्मरणशक्ती त्यांच्याहूनही लहान आहे. टेंब्यांचा पुतण्या नेमके उलटे सांगतो: काकांनी शेजाऱ्यासाठी त्याग केला! ज्या शेजाऱ्यासाठी केला म्हणतात, तो मी. तेव्हा दोन्ही कथा खोट्या आहेत हे सांगण्याचा अधिकार माझ्याइतका कोणालाच नाही.

विसूभाऊ कल्याणच्या मामलेदार कचेरीत कारकून होते. देशातल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांना खडवलीकडच्या एका शाळेत मतदान केंद्रावर नेमले होते. तिथून ते परतले ते निराळेच होऊन. "प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चित्र," ते सांगत. "बायकांनी पेट्यांना फुलं वाहिली हो! पण बाहेर रांगेत सगळे बोलत होते विहिरीबद्दल. विहिरीची पेटी कुठं होती? माणसाला मत देणं सोपं आहे. प्रश्नाला देऊन बघा!"

त्यानंतर आमच्या गल्लीत, डोंबिवलीहून ठाकुर्लीच्या अंगाला जाताना लागणाऱ्या त्या दहा-बारा बैठ्या घरांत, प्रश्नांना मते पडू लागली. गणपतीला आरास हवी की भजन? भटक्या कुत्रीला भाकरी घालावी की हाकलावी? कर्णिकांनी बाजाची पेटी किती वेळ वाजवावी? या शेवटच्या मतदानात कर्णिकांच्या वाट्याला संध्याकाळचा अर्धा तास आला. त्यांच्या कथेचा उगम या अर्ध्या तासात शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आवाजाचे विसूभाऊंना वावडे आहे, हे गल्लीने गृहीत धरले होते. त्यांच्या निळ्या दारावर पाटीच होती: 'येथे आवाज करू नये.' मुले ती पाटी मोठ्याने वाचून पळून जात. विसूभाऊ एकटे राहत. पत्नी अंथरुणाला खिळली होती तेव्हा त्यांनी ती पाटी लावली होती. ती बिचारी गेली, पाटी राहिली. आणि पाटी का राहिली, हे कोणी विचारले नाही.

अशात पंचायतीने गल्लीसाठी एक नळ मंजूर केला. त्यांचा माणूस येऊन सांगून गेला, "जागा दोनच. एक या टोकाला, हिरव्या दारासमोर. एक त्या टोकाला, निळ्या दारासमोर. काय ते तुम्ही ठरवा आणि भांडणं आमच्याकडे आणू नका."

हिरवे दार माझे. पाणी मलाही हवे होते. परंतु पहाटेपासून दारात हंडे-कळशांचा खणखणाट, चिखल आणि कोणाच्या सासूने काय म्हटले याचा तपशील मला नको होता. मी घरोघर जाऊन निळ्या दाराचा प्रचार केला. कर्णिक याला 'कारस्थान' म्हणतात. प्रचार हा माझा अधिकार होता.

मतदान टेंब्यांच्याच ओट्यावर ठरले. आतल्या पडद्यामागे एका डब्यावर हिरवे दार रंगवले, दुसऱ्यावर निळे. प्रारंभीच कर्णिकांनी हरकत घेतली, "घराला एक मत. कर्त्या पुरुषाचं."

"कर्णिक, तुम्ही आयुष्यात किती घागरी भरल्यात?" विसूभाऊंनी विचारले.

"तो प्रश्न नाही!"

"तोच प्रश्न आहे. ज्यांच्या कमरेवर घागर, त्यांच्या हातात चिंचोका. बायकांची रांग आधी!"

रांगेत पहिली भीमाबाई. तिच्या सासरची मिठागरे होती, गल्लीची अर्धी जमीन एके काळी त्यांचीच. ती पडद्यामागे गेली ती बाहेर येईना.

"भीमाबाई, काय चाललंय?" विसूभाऊंनी हाक मारली.

"कुकू लावतंय अण्णा, डब्याला."

"कुंकू लावू नका! मत फुटतं!"

"दोगांना बी लावलाय! एकाला लावला तं दुसरा रुसंल ना!" आतून उत्तर आले.

विसूभाऊंनी कपाळावर हात मारला, आत जाऊन दोन्ही डबे पुसले आणि तिला नव्याने मत द्यायला लावले. ती चिंचोका मागू लागली, तेव्हा पहिला कोणत्या डब्यात गेला हे पाहून तो परत काढणे म्हणजे मत फोडणे, म्हणून तिला चिंचोक्याशिवायच आत पाठवून बाहेर बोलावले. कायदा असा पाळला जात होता. माझे डोके तेव्हापासून दुखत होते.

अखेर मोजणी झाली. दोन्ही डब्यांत चिंचोके सारखे. पुन्हा मोजले, सारखेच. मते समसमान पडली तर निर्णायक मत केंद्राधिकाऱ्याचे, म्हणजे विसूभाऊंचे, हा त्यांचाच नियम.

मी सुस्कारा सोडला तो दुःखाचा. ज्या माणसाला मुलाची शीळ खपत नाही, तो नळ स्वतःच्या दारात कशाला घेईल? हिरव्या दाराचे भवितव्य ठरले होते.

"टाका आता इथंच, सगळ्यांसमोर," कर्णिक म्हणाले.

"मत गुप्त," विसूभाऊ म्हणाले. ते खरोखर दोन्ही डबे आणि एक चिंचोका घेऊन पडद्यामागे गेले. आम्ही सारे ओट्यावर ताटकळलो. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, सगळे चिंचोके पहिल्यापासून मोजले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "निळं दार. एका मतानं."

"वा! गंगा स्वतःच्या दारात आणलीत!" कर्णिक ओरडले.

"निकाल जाहीर झालेला आहे," विसूभाऊ म्हणाले.

लबाडी नव्हती, चिंचोके मीही मोजले होते. आणि त्याग म्हणाल, तर त्याग करणारा माणूस नळ सुरू झाल्याच्या पहिल्याच पहाटे दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसत नाही. विसूभाऊ बसले. "रांग! रांग सोडू नका! सुमतीबाई, तुमचा हंडा मागं आहे!" सुमती म्हणजे माझी पत्नी. बायका त्यांना टोमणे मारीत, ते बायकांवर खेकसत, आणि कोणाच्या सासूने काय म्हटले याचा निवाडा देत. 'येथे आवाज करू नये' ही पाटी त्यांनी उतरवली आणि कळशीला चिखल लागू नये म्हणून नळाखाली आडवी टाकली. तिच्यावरची अक्षरे हळूहळू धुऊन गेली.

काही वर्षांनी घरोघर नळ आले. दारातल्या नळावर कोणी जाईना. राहिला चिखल आणि डास. कर्णिकांनी प्रश्न मांडला: नळ ठेवावा की काढावा? विसूभाऊंनी डबे घासून आणले, पडदा लावला, रांग लावली. या वेळी मते समसमान पडली नाहीत. 'काढावा' हा डबा जड होता, हे तो उचलतानाच त्यांच्या मनगटाला कळले असावे. तरी त्यांनी एकेक चिंचोका मोजला आणि निकाल त्याच खणखणीत आवाजात सांगितला. मी कोणते मत दिले, ते येथे लिहिणार नाही. मत गुप्त असते.

पंचायतीच्या माणसांनी नळ कापून नेला. दुसऱ्या पहाटे मी खिडकीतून पाहिले. विसूभाऊ दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते. समोर रस्ता रिकामा होता.

इतक्यात आमचे हिरवे दार वाजले. सुमती रिकामी कळशी कमरेवर घेऊन गल्लीच्या त्या टोकाला निघाली होती.

"विसूभाऊ," तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "आमच्या नळाला आज पाणीच नाही बघा. कळशीभर द्याल का?"

"मत देताना हे सुचलं नाही?" विसूभाऊ गरजले. "आणि अशा मधेच काय उभ्या राहता? रांगेत या, रांगेत!"

"एकटीचीच रांग लावू?"

"नियम म्हणजे नियम!" आणि निळे दार सताड उघडले.

लोकांची खोटी विधाने खोडून काढण्यात माझे आयुष्य गेले. त्या पहाटे आमच्या मोरीत नळ धो धो वाहत होता, बादली भरून सांडत होती. मी उठलो आणि तो घट्ट बंद केला. आवाज त्या टोकापर्यंत गेला असता.